भक्ती आणि भाबडेपणा

वारकरी भक्तिमार्गात प्रवेश होतो तो गळ्यात तुळशीची माळ घालून, आणि माळेबरोबर बंधने येतात: मद्यमांस वर्ज्य, एकादशीचा उपवास, रोजचा हरिपाठ, पंढरीची वारी. संन्यास मात्र घ्यावा लागत नाही. प्रपंच सांभाळूनच हे सारे करायचे. तरीही भक्तीचे नाव निघते ते बहुधा भाबडेपणाच्या जोडीने, नाही तर ड्रोनने टिपलेल्या वारीतल्या रिंगणाच्या चित्राखाली चिकटवलेली ओळ म्हणून. भक्ती म्हणजे भाबडेपणा, हा गैरसमज आहे.

शके 1212 मध्ये (इ.स. 1290) नेवाशात ज्ञानेश्वरांनी सुमारे 9,000 ओव्यांत गीता मराठीत उलगडली. देव आणि भक्त एकच, तर भक्ती कोणी कोणाची करायची, ही अद्वैतातली अडचण त्यांनी टाळली नाही. ‘अमृतानुभवा’त ती थेट हाताळली. पुढे शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत शिरलेले अपपाठ काढून संहिता शुद्ध केली. भाबड्या माणसाला पाठभेद खटकत नाहीत.

शिस्तीचे म्हणाल तर आळंदीहून निघणाऱ्या पालखी सोहळ्याची घडी हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात बसवली. दिंड्यांचे क्रमांक, रथापुढची-रथामागची जागा ठरलेली. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि सगळे टाळ-मृदंग थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्यापाशी जाऊन गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा करतो, आरती त्यानंतर. आजच्या किती सभांना एवढे जमते?

या भक्तिमार्गाची दुखरी बाजूही आहे, ती ही पालखी जिथे पोचते त्या पंढरपुरात. अस्पृश्य ठरवलेल्या संत चोखामेळ्याची समाधी महाद्वारासमोर, मंदिराच्या बाहेर. समतेचे अभंग शतकानुशतके गायले गेले, पण अस्पृश्य ठरवलेल्यांना विठ्ठलाचे दार उघडले 1947 मध्ये, तेही साने गुरुजींनी 1 ते 10 मे असे उपोषण केल्यावर. त्या उपोषणाला पंढरपुरात जागा मिळाली ती तनपुरे महाराजांच्या मठात.