शरीरसंबंधातील वेदना : सोसणे हा उपचार नव्हे

फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉ.’ लावावे की नाही, यावरून सप्टेंबर २०२५ मध्ये बराच वाद झाला. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ‘लावू नये’ असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. उपाधीवर चर्चा झाली. पण ही सेवा कोणत्या रुग्णांपर्यंत पोहोचतच नाही, हा प्रश्न बाजूला राहिला.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत फिजिओथेरपीच्या पाट्या जागोजागी दिसतात. गुडघा, कंबर, आखडलेला खांदा, पक्षाघात यांसाठी लोक तिथे जातात. शरीरसंबंधाच्या वेळी दुखते म्हणून तिथे जाता येते, हे मात्र बहुतेक स्त्रियांना ठाऊक नसते. ‘सुरुवातीला दुखतेच’, ‘एक मूल झाले की बरे होईल’ असे सल्ले मिळतात आणि वर्षे निघून जातात. अनेकदा ही तक्रार प्रथम उघड होते ती ‘मूल होत नाही’ म्हणून जोडपे दवाखान्यात आल्यावर.

या वेदनेची कारणे अनेक आहेत. जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिओसिस, बाळंतपणातील टाक्यांचा व्रण, स्तनपानाच्या काळात किंवा रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झाल्याने येणारा कोरडेपणा ही त्यांतील नेहमीची. म्हणून पहिली पायरी स्त्रीरोगतज्ज्ञाची तपासणी हीच. संबंधानंतर रक्त जात असेल, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जात असेल किंवा ताप येत असेल, तर आधी त्याचे निदान व्हायला हवे.

मात्र बऱ्याच स्त्रियांमध्ये दुखण्याला स्नायूंचीही बाजू असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून झोळीसारखा आधार देणाऱ्या स्नायूंना पेल्विक फ्लोअर म्हणतात. एकदा दुखले की पुढच्या वेळी भीतीने हे स्नायू आपोआप आवळतात. आवळले की अधिक दुखते आणि भीती पक्की होते. ‘मन घट्ट कर’ किंवा ‘सैल सोड’ म्हटल्याने हे चक्र तुटत नाही, कारण हे आकुंचन ती मुद्दाम करत नसते.

इथे प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टचे काम सुरू होते. आधी सविस्तर बोलणे, मग रुग्णाच्या संमतीनेच तपासणी. पुढे पोटाने श्वास घेणे, स्नायू ओळखून सैल सोडायला शिकणे, ताठरलेल्या जागी हलक्या हाताने उपचार आणि गरजेनुसार लहानापासून मोठ्या आकाराच्या डायलेटरचा स्वतःच्या गतीने सराव. याला काही आठवडे ते काही महिने लागतात. समुपदेशन आणि जोडीदाराचा समजूतदारपणा यांची जोड मिळाली तर फायदा वाढतो.

याला पुरावाही आहे. योनीमुखाशी दीर्घकाळ वेदना असलेल्या २१२ स्त्रियांवर कॅनडात झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा आठवड्यांच्या फिजिओथेरपीनंतर ७९ टक्के स्त्रियांनी बरीच सुधारणा झाल्याचे सांगितले. बधिर करणारे मलम लावणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

एक धोका मात्र लक्षात घ्यायला हवा. मोबाइलवर पाहून अनेक जणी ‘कीगल’ व्यायाम सुरू करतात. तो स्नायू आवळण्याचा व्यायाम आहे. ज्यांचे स्नायू आधीच ताठरलेले आहेत, त्यांचे दुखणे त्याने वाढू शकते. तसेच इच्छा नसताना संबंध लादले जात असतील, तर दोष स्नायूंचा नाही. तिथे व्यायामाआधी त्या स्त्रीची सुरक्षितता महत्त्वाची.

कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर या पालिका रुग्णालयांत सर्वसामान्य घरांतील स्त्रिया येतात. ज्यांना खासगी उपचारांचे एकामागून एक सत्र परवडत नाही, त्यांच्यासाठी ही सोय सार्वजनिक रुग्णालयांतच हवी. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. या विषयाचे प्रशिक्षण घेतलेली एक महिला फिजिओथेरपिस्ट, दार बंद होईल अशी एक खोली आणि स्त्रीरोग विभागातून थेट चिठ्ठी देण्याची पद्धत एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी टाके पाहताना ‘संबंधाच्या वेळी दुखते का?’ हा एक प्रश्न विचारायला अर्धा मिनिटही लागत नाही.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक आरोग्यावर मराठीत मोकळेपणाने लिहिले. ते केंद्र सुरू होऊन शतक उलटले. तरीही गुडघा दुखतो असे सांगणे आजही सोपे आणि हे दुखणे सांगणे अवघड आहे. ते सांगायला स्त्रीने धीर केला, तर ‘सहन कर’ याखेरीज दुसरे उत्तर तिला मिळायला हवे. ते उत्तर वैद्यकाकडे आहे.