गोळीनेही, सरावानेही

मंत्रचळ, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेतला ओसीडी, या आजारात दोन गोष्टी हातात हात घालून येतात. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा डोक्यात घुसतो: हाताला घाण लागली असेल, गॅस चालू राहिला असेल, देवासमोर उभे असताना मनात अभद्र काही आले. त्या विचाराने उठलेली तगमग शमवण्यासाठी मग एकच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते. कडी लागलेली डोळ्यांना दिसते, बोटांना जाणवते, तरी ती लागल्याची खात्री काही पटत नाही. बहुतेक रुग्णांना हा अतिरेक असल्याचे पक्के ठाऊक असते आणि तरीही थांबता येत नाही. 'मन घट्ट कर' हा घरोघरी दिला जाणारा सल्ला म्हणूनच निरुपयोगी आहे, शिवाय रुग्णाला अपराधी ठरवणारा आहे.

ही खात्री मेंदूत कुठे अडते, याचा माग १९८०च्या दशकात लागू लागला. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लुईस बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ओसीडी रुग्णांचे पेट स्कॅन प्रसिद्ध केले. या तपासणीत किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून देतात. मेंदूचा जो भाग जास्त राबतो तो ती जास्त खेचतो. रुग्णांमध्ये दोन भाग जास्त राबताना दिसले. एक डोळ्यांच्या खोबणीच्या वरचा, ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स, आणि दुसरा खोलवरचा कॉडेट. पहिला भाग काही बिघडल्याची, धोक्याची नोंद घेतो. कॉडेट त्यातले काय पुढे सोडायचे ते ठरवायला मदत करतो, थॅलॅमसमधून तो संदेश पुन्हा पुढच्या भागाकडे येतो. निरोगी मेंदूत काम झाले की हा फेरा शांत होतो. ओसीडीत तो फिरतच राहतो, असे हे चित्र आहे. ते आजही ढोबळमानाने टिकून आहे.

या आठवड्यात समाजमाध्यमांवर अशाच स्कॅनमधल्या लाल-पिवळ्या मेंदूचे छायाचित्र पुन्हा फिरले. 'स्कॅन करून घ्या, ओसीडी आहे की नाही ते कळेल' असा मजकूर खाली होता. हा दावा खोटा आहे आणि हजारो रुपये व आशा लावून बसलेल्या कुटुंबांसाठी क्रूरही आहे. एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने २०१७ मध्ये १,८३० रुग्ण आणि १,७५९ निरोगी व्यक्तींचे एमआरआय एकत्र तपासले. प्रौढ रुग्णांत हिप्पोकॅम्पस सरासरीने किंचित लहान आणि पॅलिडम किंचित मोठा निघाला. फरक इतका बारीक की एकट्या माणसाचा स्कॅन पाहून काहीच सांगता येणार नाही. गटाच्या सरासरीत दिसणारी गोष्ट आणि समोर बसलेल्या रुग्णाचे निदान यांत मोठे अंतर आहे. निदान आजही रुग्णाशी नीट, वेळ देऊन बोलूनच होते.

स्कॅनचे खरे मोल वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि ते दाखवणारा प्रयोग तीन दशके जुना असूनही त्याची पुरेशी दखल आपल्याकडे घेतली गेलेली नाही. बॅक्स्टर यांच्याच गटाने १९९२ मध्ये दोन प्रकारे उपचार घेणाऱ्या रुग्णांची तुलना केली. नऊ जणांना फ्लुओक्सेटीनची गोळी दिली. दुसऱ्या नऊ जणांना कोणतेही औषध न देता वर्तनोपचार दिला. सुमारे दहा आठवड्यांनी दोन्ही गटांचे स्कॅन पुन्हा काढले. ज्यांना गुण आला त्यांच्यात उजव्या कॉडेटची वाढलेली धावपळ उतरली होती, गोळी घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांतही. उपचारांआधी ऑर्बिटोफ्रंटल भाग, कॉडेट आणि थॅलॅमस यांची हालचाल एकमेकांना जखडल्यासारखी एकत्र वरखाली होत होती. गुण आलेल्यांमध्ये ती गाठ सैल झाली. ज्यांना गुण आला नाही त्यांच्यात हा बदल दिसला नाही. याच गटातल्या जेफ्री श्वार्ट्झ यांनी १९९६ मध्ये वर्तनोपचाराचे आणखी रुग्ण जोडून तोच कल दाखवला.

नऊ आणि नऊ ही संख्या लहान आहे. तरीही या तुलनेइतका स्पष्ट निष्कर्ष या क्षेत्रात दुसरा नाही. आजार मेंदूतला आहे म्हणजे तो गोळीनेच हलेल, हे गृहीतक तिने मोडून काढले. ठरवून, शिस्तीने केलेला सराव त्याच जागी जाऊन पोहोचतो.

हा सराव म्हणजे काय, हे पाहण्यासाठी लंडनला १९६६ मध्ये जावे लागते. व्हिक्टर मेयर यांनी रुग्णालयात ठेवलेल्या रुग्णाच्या खोलीतले नळच बंद करवले. ज्या वस्तूंची किळस वाटते त्या हाताळायला लावल्या आणि परिचारिका सतत सोबत राहिल्या. धुण्याची सोयच नव्हती. तगमग चढली आणि न धुताही हळूहळू ओसरली. आजची ईआरपी ही उपचारपद्धती याच पायावर उभी आहे, फक्त जबरदस्ती गेली. रुग्ण आणि मानसशास्त्रज्ञ मिळून भीतीची यादी करतात आणि सोप्यापासून अवघडाकडे जातात. सार्वजनिक शौचालयाची कडी धरायची आणि हात न धुता बसून राहायचे. पहिल्या काही मिनिटांत जीव कासावीस होतो. एडना फोआ आणि सहकाऱ्यांच्या २००५ मधील चाचणीत ही पद्धत क्लोमिप्रामिन या जुन्या, परिणामकारक औषधापेक्षा सरस ठरली. आपल्याकडे मात्र जिल्ह्याच्या गावी ही पद्धत शिकलेला माणूस शोधावा लागतो. या स्तंभाची जुनी तक्रार हीच आहे: गोळी तालुक्यापर्यंत पोहोचली, ईआरपी नाही. नवे स्कॅनिंग यंत्र घेण्याआधी ही माणसे तयार करण्यावर पैसा खर्च झाला पाहिजे.

सराव हा फेरा सैल करतो, तशी सवय तो घट्ट करते, हे उंदरांवरच्या कामाने दाखवले. २०१३ मध्ये सुझान अहमारी यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूतला हाच मार्ग प्रकाशाने उत्तेजित केला. एकदा केल्याने काही झाले नाही. रोज काही मिनिटे, असे अनेक दिवस केल्यावर उंदीर अंग चाटत-खाजवत सुटले आणि प्रकाश बंद केल्यावरही ते थांबेना. फेरा वापराने पक्का होतो, याचा इतका थेट पुरावा माणसावर मिळणे शक्य नव्हते. जनुकांचे चित्र याहून धूसर आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५३,६६० रुग्णांच्या अभ्यासात जनुकसंचातल्या तीस जागा सापडल्या, पण प्रत्येकीचा वाटा चिमूटभर.

औषध आणि ईआरपी दोन्ही हरतात असेही रुग्ण असतात. त्यांच्यासाठी मेंदूत खोलवर तार बसवून विजेचे स्पंदन देण्याचा उपाय बेल्जियमच्या बार्ट नटिन यांनी १९९९ मध्ये मांडला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये मर्यादित परवानगी दिली. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मानसिक आजारासाठी मेंदूवरील शस्त्रक्रियेला रुग्णाची पूर्ण माहितीनिशी संमती आणि मंडळाची मान्यता दोन्ही लागतात, आणि ते योग्यच आहे. अॅमस्टरडॅमच्या गटाने २०१४ मध्ये नोंदवले की तार बसवल्यावर मनःस्थिती सुधारली तरी धुणे-तपासणे अनेकदा उरते. त्यांनी अशा रुग्णांना वर्तनोपचार जोडून दिला, तेव्हा ते उरलेलेही आणखी कमी झाले.