वेलिंग्टनचे मजूर-भवन

वेलिंग्टनला नातलगांकडे जाऊन आलेली आपली मंडळी कौतुकाने छायाचित्रे दाखवतात. त्यांत लॅम्ब्टन की आणि स्टाउट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची पब्लिक ट्रस्टची इमारत बहुधा असतेच. इमारत आहेही तशीच देखणी. सरकारी वास्तुशिल्पी जॉन कॅम्बेल यांनी ती बरोक थाटात उभारली, १९०९ साली. ग्रॅनाइटचे खांब, कमानी, कोरीव काम, पाहतच राहावे! पण हे कचेरीचे वैभव. लोकांची मृत्युपत्रे आणि वारसांची मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी खात्याची ती जागा होती.

युरोपात असा थाट कारागिरांनीही केला होता. १६९५ साली फ्रेंच तोफांनी ब्रसेल्सचा मोठा चौक उद्ध्वस्त केला, तेव्हा खाटीक, नावाडी, दारू गाळणारे अशा धंद्यांच्या संघांनी आपापली घरे काही वर्षांतच पुन्हा बांधली, पूर्वीपेक्षा अधिक नटवून. आपल्याकडे अशा संघाला श्रेणी म्हणत. नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेखात विणकरांच्या श्रेणीकडे व्याजाने ठेवलेल्या रकमेची नोंद आहे. म्हणजे आपले विणकर पेढीही चालवत होते!

वेलिंग्टनमध्ये श्रमिकांचे घर शोधायचे तर व्हिव्हियन स्ट्रीटवर जावे लागते. तेथील ट्रेड्स हॉल त्या मानाने साधा आहे, म्हणून कोणी तिकडे फिरकत नाही. हे मला पटत नाही. २७ मार्च १९८४ रोजी कोणीतरी तेथे एक सुटकेस ठेवली. रखवालदार अर्नी अ‍ॅबट यांनी ती उचलली आणि स्फोटात ते ठार झाले. ते स्वतः सफाई कामगार व रखवालदारांच्या संघटनेचे पुढारी होते. त्या खुनाबद्दल आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही. ज्याने रोज दार उघडले, झाडले, तोच त्या घरासाठी गेला. खांबांवरच्या नक्षीपेक्षा हे पाहण्यासारखे नाही काय?

मात्र तेथे नुसते हात जोडूनही चालणार नाही. जुन्या संघांचे दार बाहेरच्या कारागिराला बंद असे. न्यूझीलंडच्या कामगार चळवळीनेही आशियाई मजुरांना दीर्घकाळ विरोध केला, आणि १९२० च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून त्या देशात पाऊल ठेवणे अशक्य झाले. मजुरी पडेल ही त्यांची भीती खोटी नव्हती. पण ज्याला कमी मजुरी दिली जाते त्याच्यावरच राग काढणे सोपे होते, तेच त्यांनी केले.

आपण मॉरिशसची मंडळी रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांत आलेल्या मजुरांची नातवंडे-पणतवंडे. आपल्याकडे १९३६ साली मजूर पक्ष निघाला, १९३८ साली संघटनेला कायद्याची मान्यता मिळाली, आणि तरीही १९४३ साली बेल व्ह्यू आरेल येथे गोळ्या झाडल्या गेल्याच. गरोदर अंजले कूपेन त्यांत पडली. तमिळ, तेलुगू, मराठी, भोजपुरी असा भेद त्या गोळ्यांनी केला नाही. आपल्या मंडळ्यांच्या बैठकींत मात्र तो अजून ऐकू येतो.

वेलिंग्टनला जाणाऱ्यांनी मुलांना दोन्ही इमारती दाखवाव्यात. लॅम्ब्टन कीवरून व्हिव्हियन स्ट्रीटपर्यंत रमतगमत चालत जाता येते. आधी कोरीव दगड दाखवा, मग रखवालदाराची हकीगत सांगा, आणि १९२० चा कायदाही वगळू नका.