‘नाही’ म्हणणारं नेटवर्क हवं!

‘ॲडमिशन कंट्रोल’ म्हटलं की आपल्याला कॅप राउंड आणि कटऑफ आठवतो. नेटवर्कच्या पुस्तकातला अर्थही फार वेगळा नाही. आत जागा आहे का ते आधी बघा, असेल तरच नव्याला घ्या, नाहीतर दारातच नाही म्हणा. हे ‘नाही’ कुणालाच आवडत नाही. तरी माझं स्पष्ट मत आहे की नेटवर्कला नाही म्हणता आलंच पाहिजे. अट एकच, कुणाला नाही म्हणायचं याचा नियम सगळ्यांना माहीत हवा.

आपली लोकल कुणालाच नाही म्हणत नाही. नऊ डब्यांच्या गाडीची क्षमता साधारण १७०० होती, आणि गर्दीच्या वेळी आत माणसं ४५०० च्या वर असायची! (मीरा रोड-भाईंदरच्या माणसाला विरार गाडीत आतलेच चढू देत नाहीत, ती गोष्ट वेगळी.) पण कितीही कोंबली तरी लोकल चर्चगेटला पोचते. नेटवर्कचं तसं नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतली लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि तिथून जेमतेम ४०० यार्डांवरचं बर्कले विद्यापीठ यांच्यातली इंटरनेटची वाट अशीच तुंबली. पॅकेट हरवायचं, ते पुन्हा पाठवलं जायचं, त्यामुळे गर्दी आणखी वाढायची. सेकंदाला ३२ हजार बिट्सचा वेग ४० बिट्सवर आला!

टेलिफोनवाल्यांनी मात्र हा हिशोब फार आधी मांडला होता. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एरलांग यांनी १९१७ मध्ये दिलेलं सूत्र आपण आजही शिकतो. समजा टॉवरवर ३० चॅनल आहेत आणि प्रत्येक कॉल सरासरी तीन मिनिटांचा. सरळ गुणाकार केला तर तासाला ६०० कॉल बसतात. पण कॉल काही रांगेत येत नाहीत, झुंडीने येतात. शंभरात दोनच कॉल नाकारले जावेत असं वाटत असेल, तर तासाला साधारण ४४० च धरायचे. क्षमतेचा अंदाज म्हणजे नुसता गुणाकार नव्हे, तो असा!

पण हा हिशोब रोजच्या संध्याकाळचा. ११ जुलै २००६ ची संध्याकाळ तशी नव्हती. पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, त्यातला एक आपल्या मीरा रोड-भाईंदर दरम्यान. ‘पोचलास का?’ एवढंच विचारायला घराघरांतून फोन लावले गेले आणि मोबाइल नेटवर्क जॅम झालं. वरच्या टॉवरवर नेहमीच्या जवळपास तिप्पट मागणी आली, तर निम्म्याहून जास्त कॉल नाकारले जातात. नाकारलेला माणूस लगेच रीडायल करतो, म्हणजे मागणी आणखी वाढते. अशा वेळी ॲम्ब्युलन्सचा कॉल आणि गप्पांचा कॉल एकाच रांगेत उभे करणं ही समानता नव्हे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात आणीबाणीच्या वेळी मदतकार्य करणाऱ्यांचे संदेश आधी पोचवण्याची तरतूद आहे. ती योग्यच आहे. आपणही अशा वेळी ‘मी ठीक आहे’ एवढा एक मेसेज टाकून लाइन मोकळी ठेवावी.

आता वळू या हॉस्टेलच्या वायफायकडे. रात्री दहाला सगळे कनेक्टेड, आणि पेज कुणाचंच उघडत नाही! कोपऱ्यातल्या खोलीतून रडतखडत जोडलेला एक लॅपटॉप त्याच फाइलला जास्त वेळ हवा अडवून धरतो, त्याचा फटका साऱ्या मजल्याला बसतो. मॅच बघणाऱ्याचं काय, थोडं बिघडतं. पण ज्याची ऑनलाइन प्लेसमेंट टेस्ट चालू आहे, त्याचं वर्ष पणाला लागलेलं असतं.

म्हणून मॅनेजमेंटला आणि आपल्यालाही सुचवावंसं वाटतं : दुपारचा नव्हे, रात्री दहाचा लोड मोजा. एका ॲक्सेस पॉइंटवर किती जण घ्यायचे ते ठरवा. परीक्षा आणि फॉर्म भरण्यासाठी थोडा वाटा राखून ठेवा. आणि हे सगळं नोटीस बोर्डावर लावा. राखीव वाटा वशिल्याने मिळू लागला तर सगळंच मुसळ केरात!

दहा मिनिटं गोल फिरणारं चक्र बघण्यापेक्षा ‘आत्ता जागा नाही, थोड्या वेळाने या’ हे उत्तर कितीतरी बरं. निदान तेवढ्या वेळात माणूस मेसमध्ये जाऊन चहा तरी घेऊन येईल!