एकदा तरी डेटाबेस पुसून पाहा!

विद्यार्थिमित्रांनो, शाळेच्या संगणक-खोलीच्या दारावर 'विचारल्याशिवाय कशालाही हात लावू नये' अशी पाटी तुम्ही पाहिली असेल. ती लावणाऱ्या शिक्षकांचा हेतू चांगलाच असतो. तरीही तिच्याविरुद्ध आज मला थोडे बोलायचे आहे. माझे म्हणणे असे, की दहावीच्या परीक्षेला बसण्यापूर्वी प्रत्येकाने एक डेटाबेस स्वतःच्या हाताने पार पुसून टाकावा, आणि मग तो परत आणून दाखवावा.

डेटाबेस म्हणजे संगणकात पद्धतशीर मांडून ठेवलेली माहिती. शाळेचा हजेरीपट असो की रेल्वेचे आरक्षण, सारे अशाच ठिकाणी असते. तो सांभाळणारी माणसे बहुधा कमांड लाइनवर काम करतात. तेथे चित्रे नाहीत, बटणे नाहीत. एक ओळ टंकित करायची, एंटर दाबायचे, की हुकूम अमलात आला! पोस्टग्रेस ही मोफत मिणारी, जगभर वापरली जाणारी डेटाबेस-प्रणाली आहे. तिच्यात 'ड्रॉपडीबी' आणि पुढे डेटाबेसचे नाव लिहिले, की डेटाबेस गेला. कचऱ्याची टोपलीही नाही, की तीतून उचलून घ्यावा. त्या वेळी दुसरे कोणी तो डेटाबेस वापरत असेल तर ती नकार देते खरी. पण एरवी 'नक्की पुसू का?' असे विचारतसुद्धा नाही. विचारावे असे वाटत असेल, तर हुकमातच तसे सांगावे लागते. मायएसक्यूएलचे एक साधन आपणहून विचारते. पण मला त्या प्रश्नाचा फारसा भरवसा वाटत नाही. दहा वेळा 'होय' म्हटलेले बोट अकराव्या वेळी विचार न करताच 'होय' म्हणते.

आता एक घडलेली गोष्ट ऐका. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे काम साठवून ठेवणारी गिटलॅब नावाची कंपनी आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिचा एक अभियंता बिघाड दुरुस्त करत होता. डेटाबेसचे दोन संगणक होते : एक मुख्य, दुसरा त्याची नक्कल ठेवणारा. नक्कल मागे पडली होती, म्हणून दुसऱ्या संगणकावरची फाइलींची जागा रिकामी करून नव्याने भरायची होती. दोघांच्या नावांत फरक काय तो एका आकड्याचा. उशीर झालेला, काम काही केल्या पुढे सरकेना. अशा वेळी पुसण्याचा हुकूम दिला गेला तो मुख्य संगणकावर! चूक एक-दोन सेकंदांतच लक्षात आली आणि हुकूम थांबवला. तोवर सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचार उरले होते.

एवढे इतक्या झटपट कसे गेले? येथे जरा गणित करा. डिस्कवर सेकंदाला २०० मेगाबाइट लिहिता येतात असे धरले, तर ३०० गिगाबाइट लिहायला १,५०० सेकंद, म्हणजे २५ मिनिटे हवीत. पुसताना मात्र संगणक काहीच खरडून काढत नाही. 'ही जागा आता मोकळी' एवढीच नोंद तो करतो. पुस्तक न फाडता अनुक्रमणिका तेवढी फाडावी, तसे. मग मजकूर शोधून काढावा, असे तुम्ही म्हणाल. पण चालू संगणक त्या मोकळ्या जागेवर लगेच दुसरे लिहू लागतो.

खरी मौज (तिला मौज म्हणायचे तर!) पुढेच आहे. डेटाबेसची प्रत रोज काढली जाण्याची सोय होती. उघडून पाहतात तो प्रतींची जागा रिकामी! प्रत काढणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा, डेटाबेस नव्या आवृत्तीचा; दोघांचे जमत नव्हते. तशी सूचना देणारी ईमेल निघत होती, पण तीही वाटेतच नाकारली जात होती. कंपनी वाचली ती केवळ योगायोगाने. त्याच अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी एक प्रत काढून ठेवली होती. तीवरून सारे उभे करायला दुसरा दिवस उजाडून संध्याकाळ झाली. मधल्या तासांतल्या सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० टिपणे आणि ७०० नवी खाती कायमची गेली.

कंपनीने काही लपवले नाही. दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले, सविस्तर अहवाल छापला, आणि त्यात त्या अभियंत्याचे नाव घातले नाही. मला हे फार आवडले. नाव छापून हळहळ व्यक्त झाली असती, पण रिकाम्या प्रतींचे कारण झाकलेच राहिले असते.

आणि म्हणूनच माझे त्या पाटीशी भांडण आहे. हात न लावणाऱ्याला पुसणे कळत नाही, त्याहून वाईट म्हणजे परत आणणे कळत नाही. प्रयोगशाळेत व्हर्निअरची शून्यत्रुटी पाहिल्याशिवाय मी एकही वाचन मान्य करत नाही. मग कधीच उघडून न पाहिलेली प्रत कशी मान्य करावी?

शिक्षकांची भीती मला समजते. त्यासाठी शाळेच्या खऱ्या नोंदी नसलेला एखादा जुना संगणक घ्या. त्यावर वीस काल्पनिक मुलांची हजेरी भरा. प्रत काढून ती पेनड्राइव्हवर ठेवा. हुकमातले नाव मोठ्याने वाचा, मग पुसा. नवा डेटाबेस करून प्रत त्यात भरा आणि वीसच्या वीस नावे मोजा. हे जमले, की पुढच्या तासाला शिक्षकांनी कोणाला न सांगता पेनड्राइव्हवर एक रिकामी फाइल त्याच नावाने ठेवावी, आणि पुसण्यापूर्वी ती उघडून कोण पाहतो तेवढे बघावे.