न तपासलेल्या पोटाची नोंद

पोट दुखते म्हणून आपण दवाखान्यात जातो. डॉक्टर विचारतात, "कधीपासून दुखते? नेमके कुठे? उलटी झाली का? जुलाब होतात का?" मग ते आपल्याला आडवे व्हायला सांगतात, हाताने पोट दाबून पाहतात आणि कागदावर चार ओळी लिहितात. आपले सारे लक्ष औषधाकडे असते, त्या चार ओळींकडे नसते. पण त्या ओळी लिहिण्याच्या पद्धतीत सध्या मोठा बदल होत आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तो समजून घ्यायला हवा.

रुग्णाची नोंद शिस्तीने लिहावी, असा आग्रह अमेरिकेतील डॉ. लॉरेन्स वीड यांनी १९६८ साली धरला. त्यांच्या पद्धतीतून आलेला आराखडा आज अनेक देशांत वापरतात. त्याचे चार भाग आहेत : रुग्णाने काय सांगितले, डॉक्टरांना काय आढळले, त्यावरून अनुमान काय, आणि पुढे काय करायचे. पहिले दोन भाग म्हणजे पुरावा. पुरावाच चुकला, तर अनुमान कसे बरोबर येणार?

पोटाच्या बाबतीत तर घटनांचा क्रमही महत्त्वाचा असतो. अपेंडिक्सला सूज आली की दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होते. आतड्याच्या मज्जातंतूंना दुखण्याची जागा नेमकी सांगता येत नाही, म्हणून ते मोघम असते. काही तासांनी ही सूज पोटाच्या आतील अस्तरापर्यंत पोहोचते. मग दुखणे उजवीकडे खाली सरकते आणि एका जागी स्थिरावते. यात उलटी बहुधा दुखू लागल्यानंतर होते. याउलट, दूषित अन्नपाण्याने पोट बिघडले असेल तर पुष्कळदा उलटी आधी होते. "उलटी आणि पोटदुखी" एवढेच लिहिले, तर हा फरक नाहीसा होतो.

आता नवी पद्धत पाहू. टेबलावर एक ध्वनिग्राहक असतो. डॉक्टर आणि रुग्ण यांचे बोलणे संगणक ऐकतो, शब्दांत उतरवतो आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने त्याची नोंद तयार करतो. याचे फायदे उघड आहेत. डॉक्टरांना मान खाली घालून लिहावे लागत नाही, त्यांची नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर राहते. अक्षर लागत नाही, ही जुनी तक्रारही उरत नाही. म्हणून हे यंत्र नकोच, असे म्हणणे मला पटत नाही.

पण यंत्र लिहिते कसे, हेही पाहिले पाहिजे. ते असंख्य लेख वाचून 'तयार' झालेले असते आणि कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, या हिशेबाने वाक्ये जुळवते. पोटदुखीच्या नोंदींत "पोट मऊ आहे, दाबल्यावर दुखत नाही" हे वाक्य वारंवार येते. समजा, घाईत डॉक्टरांनी पोटाला हातच लावला नाही. तरीही यंत्र हे वाक्य लिहून टाकू शकते, कारण तिथे ते शोभते! दुसऱ्या दिवशी दुसरे डॉक्टर ते वाचतात आणि काल पोट तपासले होते असे समजतात. ती रिकामी जागा तशीच दिसली असती, तर त्यांनी अधिक सावधपणे विचार केला असता.

ही भीती निराधार नाही. बोलणे शब्दांत उतरवणाऱ्या 'व्हिस्पर' या प्रणालीची अमेरिकेतील संशोधकांनी तपासणी केली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे एक टक्का ध्वनिमुद्रणांत, कोणी न बोललेली वाक्ये आढळली. ज्यांच्या बोलण्यात थांबे अधिक, त्यांच्या बाबतीत असे अधिक घडले. पोटात कळ आलेला माणूस थांबत थांबतच बोलतो, हे ध्यानात घ्या.

भाषेचा प्रश्न तर आपल्या घरचाच आहे. आपण म्हणतो, "पित्त झाले." कधी त्याचा अर्थ छातीत जळजळ, तर कधी डोके दुखून मळमळणे. "पित्त पडले" म्हणजे आंबट-कडू उलटी झाली, आणि "अंगावर पित्त उठले" म्हणजे खाज सुटून गांधी आल्या. यंत्राने या सगळ्यांसाठी एकच वैद्यकीय शब्द लिहिला, तर पोटाचा रोगी आणि त्वचेचा रोगी यांची गल्लत व्हायची.

म्हणून माझ्या मते तीन नियम हवेत. डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासले तेवढेच नोंदीत यावे, बाकीची जागा कोरी राहावी. रुग्णाचे मूळ शब्द आणि घटनांचा क्रम जसाच्या तसा ठेवावा. आणि डॉक्टरांनी पूर्ण नोंद वाचून, दुरुस्त करूनच सही करावी, कारण जबाबदारी यंत्राची नसते, सही करणाऱ्याची असते. यात थोडा वेळ जाईल हे खरे. पण यंत्राने वाचवलेल्या वेळातला थोडा वेळ यंत्राची चूक शोधण्यात गेला, तर तो सत्कारणीच लागला.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. एका विद्यार्थ्याने काल्पनिक पोटदुखी सांगावी, पाच जणांनी ती लिहावी आणि मग पाचही नोंदी ताडून पाहाव्यात. कोणी काय गाळले, कोणी पदरचे काय घातले, हे लगेच कळेल. प्रयोगवहीत, तापमापी न पाहता 'अपेक्षित' आकडा लिहिणारा विद्यार्थीही हीच चूक करीत असतो. फरक इतकाच, की तिथे गुण जातात आणि इथे एखाद्याचे प्राण जाऊ शकतात.