घरच्या घरी : क्यूसाठी भिंतीवरचं रॅक

मैत्रिणींनो, चिरंजिवांना पूलचा नाद लागला आणि दाराआडच्या कोपऱ्यात छत्री-केरसुणीशेजारी त्यांचा लांबलचक क्यू येऊन उभा राहिला, असं तुमच्याकडेही झालंय का? आमच्याकडे पावसाळा सरता सरता तो चक्क वाकला. पैसे गेलेच, शिवाय ‘कोणी हलवला?’ म्हणून घरात वादही झाला. खरा दोष तिरकं टेकवून ठेवण्याचा आणि ओलीचा!

तर एका रविवारी रॅक करूनच टाका. सागवानाच्या ६० सेंटीमीटर लांब, १० रुंद, अडीच जाड अशा दोन फळ्या घ्या. एकावर एक ठेवून, रुंदीच्या मधोमध, १२-१२ सेंटीमीटरवर दोन्हींवर सारख्या चार खुणा करा. खालच्या फळीत ३५ मिलिमीटर रुंद, १२ खोल खळगे पाडा. कपाटाच्या बिजागरीसाठीचं गिरमिट सुताराकडे मिळेल. वरच्या फळीत २५ मिलिमीटरची आरपार भोकं पाडा आणि पुढच्या कडेपर्यंत करवतीने मोकळी करा. काचकागद मारा, खाचांना आतून बनात चिकटवा.

खालची फळी जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर, वरची तिच्याहून एक मीटर उंच. दोन्ही लोखंडी अँगलवर बसवा. त्याआधी दोऱ्याला नट बांधून ओळंबा धरा. खाच खळग्याच्या अगदी वर यायला हवी, नाहीतर क्यू पुन्हा तिरकाच! भिंतही कोरडी निवडा; न्हाणीघरालगतची नको.

आणि हो, काचकागद मारायचं काम चिरंजिवांकडेच द्या!